मोनेच्या ‘बेनकूर’मधलं पाणी गढूळ का होतंय?

प्रश्न: फ्रेंच चित्रकार मोनेचं १८६८ चं ‘सीन नदीकाठचं बेनकूर’ हे गावाचं चित्र तैलरंगात कॉपी करतेय. झाडाखालची बाई जमली, पण पाण्यातलं घरांचं प्रतिबिंब राखाडी होतं. काय चुकतंय?

उत्तर १: ब्रश फार फिरतोय. ओल्या निळ्यावर पांढरा घासला की दोन्ही मिसळणारच. चपटा ८ नंबर ब्रश घ्या, रंग जाड ठेवा, पातळ करायला टर्पेंटाइन नको. एक आडवा फटकारा मारायचा, लगेच ब्रश चिंधीला पुसायचा.

उत्तर २: टोनही (रंगाचा उजळ-गडदपणा) तपासा. प्रतिबिंबात उजेड जरा मंद, गडद भाग जरा उजळ. भिंतीचा पांढरा तसाच उतरवला तर पाणी आडवं वाटतच नाही.

उत्तर ३: आणि पानांआड झाकलेलं घर पाण्यात दिसतं, ते कृपया ‘दुरुस्त’ करू नका! चित्राची खरी गंमत तीच.