वायरलेस गेमिंग हेडसेटचा आवाज मध्येच तुटतो, मदत हवी आहे

वडगावची_मृदू

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात वडगाव बुद्रुकला राहते. धाकटा भाऊ तीन वर्षांपासून जर्मनीत आहे. दर शुक्रवारी रात्री साडेदहाला, म्हणजे सध्या त्याच्याकडे संध्याकाळी सातला, आम्ही दोघं काउंटर-स्ट्राइक हा बंदुकांचा ऑनलाइन खेळ खेळतो. नऱ्ह्याच्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये भरून एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने खेळायचो, तेव्हापासूनची ही सवय. फोनवर आमचं बोलणं ‘जेवलास का’च्या पुढे सरकत नाही. खेळताना मात्र तो आपणहून सगळं सांगतो. ऑफिसात काय बिनसलं, वरणाला फोडणी कशी करपली, घरी यावंसं कधी वाटतं. आठवड्यातला तो दीड तास मला फार मोलाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मागच्या दसऱ्याला ७,४९९ रुपयांना वायरलेस हेडसेट घेतला. सोबत कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टला लावायचा नखाएवढा डोंगल येतो, शिवाय ब्लूटूथवरही चालतो. पहिले तीन-चार महिने काही त्रास नव्हता. फेब्रुवारीपासून आवाज तुटायला लागला. आधी बारीक ‘टक् टक्’, मग अर्धा सेकंद काहीच नाही, मग पुन्हा सुरळीत. कधीकधी दोन-तीन सेकंद पूर्ण शांतता. माझा आवाजही तेवढा वेळ त्याला ऐकू जात नाही. गेल्या शुक्रवारी वहीत खुणा केल्या, दीड तासात अकरा वेळा. या खेळात सगळी भिस्त पावलांच्या आवाजावर असते. तो नेमका तेव्हाच गेला की डाव गेलाच. पण मला जास्त लागतं ते वेगळंच. भाऊ काहीतरी मनातलं सांगत असतो आणि मला म्हणावं लागतं, ‘परत सांग, ऐकू आलं नाही.’ दुसऱ्यांदा तो ‘जाऊ दे गं’ म्हणतो.

ब्लूटूथवर लावून पाहिला. तिथे तुटत नाही, पण माइक सुरू केला की सगळा आवाज जुन्या लँडलाइनसारखा दबका होतो. पावलं डावीकडून की उजवीकडून, काही कळत नाही. शिवाय गोळी आधी दिसते आणि आवाज मागून येतो.

बॅटरी आधी अठरा-वीस तास जायची, आता अकरा-बारा. आणि जून लागल्यापासून कानावरच्या कुशनचं काळं आवरण सोलून निघतंय. हेडसेट काढला की गालावर आणि कुर्त्याच्या गळ्यावर काळ्या तिळासारखे कण चिकटलेले असतात.

ड्रायव्हर पुन्हा टाकला, हेडसेट रीसेट केला, विंडोज अपडेट केलं. सर्व्हिस सेंटरलाही नेला. काउंटरवरच्या मुलाने स्वतःच्या फोनला जोडून एक गाणं लावलं, अर्धा मिनिट ऐकलं आणि ‘मॅडम, चालतोय की’ म्हणून परत दिला. कागद काहीच दिला नाही.

स्पीकर लावता येत नाहीत, आई शेजारच्या खोलीत झोपलेली असते. वायरचा हेडफोन घेतला तर ती हाक मारेल तेव्हा आधी वायर सोडवत बसावं लागतं, म्हणून तर वायरलेस घेतला होता. दोष हेडसेटमध्ये आहे की माझ्या घरात काही चुकतंय, हे कसं ओळखायचं?

जुना_वायरमन

ताई, माझा अनुभव सांगतो. तीन वायरलेस वापरून झाले, शेवटी वायरवर आलो. चार्जिंग नको आणि तुटणं नको. तीन मीटरची वायर घेतली तर आईंच्या खोलीच्या दारापर्यंत हेडफोन घालूनच जाता येईल. विचार करा.

तारायंत्र

वायर हा उपाय आहेच, पण आधी निदान करू. ताई, चार गोष्टी सांगा. डोंगल कॉम्प्युटरच्या पुढे आहे की मागे? त्या पोर्टच्या आत निळं प्लास्टिक आहे की काळं? शेजारच्या पोर्टांमध्ये काय लावलंय? राउटर कुठे आहे?

का विचारतोय ते सांगतो. असे डोंगल बहुतेक २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतात. हा पट्टा साधारण २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्‌झचा, आणि त्यासाठी परवाना लागत नाही. म्हणून वायफाय, ब्लूटूथ, वायरलेस माउस सगळे त्यातच दाटीवाटीने बसलेत. सोसायटीत प्रत्येक फ्लॅटमध्ये राउटर म्हटल्यावर तिथे मंडईसारखी गर्दी. डोंगल आणि हेडसेट त्यातूनही सतत वारंवारता बदलत वाट काढतात. पण डोंगलच्या कानाशीच कोणी ओरडत बसलं तर त्याला काही ऐकू येत नाही.

तो ओरडणारा बऱ्याचदा यूएसबी ३ असतो. निळे पोर्ट सहसा त्याचेच. त्यावर डेटा इतक्या वेगाने जातो की त्याची विद्युत कुरकुर थेट २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास पसरते. इंटेलनेच २०१२ साली यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क आणि तिची केबल जवळ असली की वायरलेस माउससुद्धा अडखळायला लागतो.

वडगावची_मृदू

तारायंत्र, तुमचं वाचून टेबलाखाली वाकून टॉर्च मारून पाहिलं. डोंगल मागे, निळ्या पोर्टमध्ये. त्याला अगदी खेटून बाहेरची हार्ड डिस्क.

ती हार्ड डिस्क मी फेब्रुवारीतच घेतली. बाबांचे जुने फोटो स्कॅन करून त्यावर ठेवतेय, म्हणून ती कायम लावलेली असते. ही दोन टोकं मी कधीच जोडून पाहिली नव्हती! राउटर हॉलमध्ये कपाटावर आहे, कॉम्प्युटर वायफायवरच चालतो, आणि तेही २.४ वरच आहे असं दिसतंय.

पेठेतला_सोल्डर

मग अर्धं काम झालं. मी बुधवार पेठेत दुरुस्तीचं काम करतो, अशा तक्रारी घेऊन बरेच जण येतात. आमच्याकडे आणून काही उपयोग नसतो, कारण माझ्या टेबलावर हेडसेट उत्तम चालतो आणि घरी नेला की पुन्हा तेच. तुमच्या सर्व्हिस सेंटरच्या मुलाचंही तेच झालं. त्याने तर फोनला ब्लूटूथवर जोडून पाहिला, म्हणजे डोंगल तपासलाच नाही.

तपकीर गल्लीत यूएसबीची एक्स्टेन्शन केबल मिळेल. एक बाजू मेल, दुसरी फीमेल, दीड मीटर पुरे. दीडशे रुपयांच्या आत मिळायला हवी. साधी यूएसबी २ ची घ्या. डोंगल तिच्या टोकाला लावून टेबलावर, मॉनिटरच्या पायाशी, तुमच्या डोक्याला दिसेल असा ठेवा. आत्ता तो पत्र्याच्या कॅबिनेटमागे आहे आणि मध्ये तुमचं शरीर. शरीरात पाणी फार, आणि २.४ च्या लहरी पाण्यात मुरतात. हार्ड डिस्क पुढच्या पोर्टला हलवा. कॉम्प्युटरला जमलं तर लॅन केबल द्या, नाहीतर राउटरच्या ५ गिगाहर्ट्‌झवर टाका.

एक मात्र करा, सगळं एकदम बदलू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत खुणा करत राहा, नाहीतर नेमकं दुखणं कळणार नाही.

कुशनचं म्हणाल तर ते रेग्झिनसारखं असतं, वर पॉलियुरेथेनचा थर. दमट हवेत आणि घामाने तो थर कुजतो आणि सुटतो. पावसाळ्यात माझ्याकडे अशा जोड्या रोज येतात. चिकटवायच्या भानगडीत पडू नका, कापडी कुशन बसवा.

गुरुवारची_वीज

ब्लूटूथचं कोडं मी सोडवते, कारण मी स्वतः यावर महिनाभर डोकं आपटलंय.

त्यात बिघाड काहीच नाही. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये गाणी ऐकण्याची तऱ्हा वेगळी आणि फोनवर बोलण्याची वेगळी. पहिलीत आवाज चांगला, स्टिरिओ, पण एकाच दिशेने जातो. माइक सुरू केला की विंडोज दुसरीवर, म्हणजे हँड्‌स-फ्रीवर जातं. तिथे दोन्ही दिशांनी आवाज न्यायचा असल्याने तो मोनो होतो आणि सेकंदाला ८ किंवा १६ हजार नमुन्यांवर उतरतो. गाण्याला ४४,१०० असतात. डावं-उजवं हरवतं ते त्यामुळे. नेहमीच्या ब्लूटूथवर आवाज सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याने मागेही पडू शकतो, म्हणून गोळी आधी दिसते. गाण्याला चालतं, सिनेमालाही कसंबसं चालतं, अशा खेळाला नाही. बोलत खेळायचं तर डोंगलच वापरा.

आणि एक तपासा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटला ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ अशा अर्थाची खूण असते, ती काढा. दोन-तीन सेकंदांची शांतता कधीकधी त्यामुळेही येते.

ग्राहकाचा_हक्क

मृदूताई, तांत्रिक भाग बाकीचे पाहतील, मी कागदाबद्दल बोलतो. दसऱ्याला घेतलाय म्हणजे वर्षाची वॉरंटी असेल तर अजून हातात वेळ आहे. बॅटरी आठ महिन्यांत साठ टक्क्यांच्या आसपास येणं साधं नाही. लिथियमची बॅटरी काही शे चार्जिंगनंतर उतरते हे खरं, पण तुमच्या हिशेबात तेवढी चार्जिंग झालेलीच नसणार. एकाच आवाजावर किती तास चालला हे दोनदा मोजा, तारखेसह लिहा आणि कंपनीला ईमेल करा. सर्व्हिस सेंटरला पुन्हा जाल तेव्हा जॉबशीट, म्हणजे तक्रार लिहिलेली पावती, घेतल्याशिवाय हेडसेट हातातून सोडू नका. ‘चालतोय’ असंच म्हणायचं असेल तर तेही लिहून द्या म्हणावं.

ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. पुढे जायची वेळ आलीच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत पुण्यातच सुरू केली. निदान पुण्यात तरी कोणी ग्राहकाला असं हात हलवत परत पाठवू नये, असं मला मनापासून वाटतं.

वडगावची_मृदू

तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण सोल्डरदादांनी सांगितल्याप्रमाणे एकेक गोष्टच बदलली. भावालाही कामाला लावलं. माझा आवाज गेला की त्याने ‘गेलीस’ म्हणायचं आणि त्याच्या वहीत रेघ मारायची.

पहिल्या शुक्रवारी फक्त हार्ड डिस्क काढली. अकराच्या जागी चार.

दुसऱ्या शुक्रवारी एक्स्टेन्शन केबल लावली, डोंगल मॉनिटरच्या पायाशी. हार्ड डिस्क मुद्दाम परत लावली, पण पुढच्या पोर्टला. दीड तासात दोनच, आणि दोन्ही अकराच्या सुमारास, पाठोपाठ.

वेळ पाहून मी थबकले. अकराला आई उठून हळदीचं दूध गरम करते. माझं टेबल स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आहे आणि भिंतीपलीकडे मायक्रोवेव्ह. दुसऱ्या दिवशी दुपारी गाणं लावून बसले आणि आईला मायक्रोवेव्ह सुरू करायला सांगितला. सुरू केला की टक् टक्, बंद केला की स्वच्छ. तीनदा करून पाहिलं. आई विचारत होती, दूध नाही तर आत काय ठेवू? वाटीभर पाणी ठेवायला सांगितलं.

तारायंत्र

वा ताई, हे निदान तुमचं! मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच चालतो. दार नीट लागत असेल तर बाहेर झिरपतं ते अगदी थोडं असतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण डोंगलच्या कुजबुजीपुढे तेवढंही फार होतं. दाराची कड आणि बिजागरी मात्र एकदा पाहून घ्या.

वडगावची_मृदू

दार पाहिलं, घट्ट आहे. आता साडेदहाला बसण्याआधी मी दूध गॅसवर तापवून थर्मासमध्ये भरून आईच्या उशाशी ठेवते. तिलाही उठावं लागत नाही. परवाच्या शुक्रवारी पावणेदोन तास खेळलो आणि भावाच्या वहीत एकही रेघ नाही. त्या दिवशी तो बराच वेळ बोलला. डिसेंबरात यायचं तिकीट काढतोय म्हणाला, आणि ते मला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं.

कॉम्प्युटर ५ गिगाहर्ट्‌झवर टाकलाय. पॉवर मॅनेजमेंटची खूणही काढली, तिने फरक पडला की नाही हे सांगता येणार नाही. वायरमनकाका, तीन मीटरची वायर कपाटात आणून ठेवलीय. हेडसेट सर्व्हिसला गेला की तीच वापरीन.

बॅटरी दोनदा मोजली, एकदा साडेअकरा तास, एकदा बारा. ईमेल केला, आठ दिवस उत्तर नाही. मग १९१५ ला फोन करून तक्रार नोंदवली, त्यानंतर कंपनीचा फोन आला. येत्या सोमवारी नेऊन देतेय, जॉबशीट घेऊनच परतेन. काय होतं ते इथेच कळवते.

आता राहिलं कुशन. आतून लांबी १० सेंटिमीटरला थोडी कमी, रुंदी साडेआठ. सोल्डरदादा, तपकीर गल्लीत कापडी मिळेल का या मापाची, की ऑनलाइन मागवू?

पेठेतला_सोल्डर

मिळेल. पण मापावर जाऊ नका, जुनी जोडी काढून सोबत आणा. मागची चकती खाचेत अडकणारी आहे की नुसती ओढून बसवायची, ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही. आणि सोमवारी हेडसेट देण्याआधी कुशन बदलू नका, आहे तसाच जाऊ द्या. काळे कण पडतात हेही जॉबशीटवर लिहून घ्या.