मदत हवी आहे : फ्रँकफर्ट ते लिस्बन या प्रवासाला प्रत्यक्षात किती वेळ धरावा?

नमस्कार. माझे आई-बाबा मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे लिस्बनला धाकट्या भावाकडे जाणार आहेत. आईला जेवणापूर्वी इन्सुलिन घ्यावे लागते आणि दोन मात्रांमध्ये किती तास जाऊ द्यायचे हे डॉक्टरांनी ठरवून दिले आहे, त्यामुळे प्रत्येक टप्प्यात खरोखर किती तास जातात हे मला नेमके कळायला हवे.

तिकिटावर फ्रँकफर्टहून सुटण्याच्या आणि लिस्बनला पोहोचण्याच्या वेळांत दोनच तासांचा फरक दिसतो, परतीला मात्र जवळजवळ चार तासांचा. दोन्ही वेळा स्थानिक आहेत आणि पोर्तुगालचे घड्याळ जर्मनीच्या एक तास मागे असते, हे जमेस धरले की दोन्हीकडून सुमारे तीन तास निघतात. दोन्ही देश मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एकाच क्षणी घड्याळे बदलतात, म्हणून हा फरक वर्षभर तसाच राहतो. भारत आणि जर्मनी यांच्या वेळेतला फरक मात्र उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास असतो, म्हणून आईच्या मात्रांचा तक्ता मी सगळा भारतीय वेळेतच मांडला आहे.

माझी अडचण पुढे आहे. या दोन विमानतळांमधले सरळ हवाई अंतर साधारण 1,870 किलोमीटर, म्हणजे जवळपास 1,010 सागरी मैल भरते. ताशी 850 किलोमीटर वेग धरला तर सव्वादोन तासांच्या आत विमान पोहोचायला हवे. उरलेला पाऊण तास धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणीच्या वेळचे वळसे आणि उतरल्यावर विमानतळाच्या दारापर्यंत (गेटपर्यंत) येणे यांत जात असावा, कारण तिकिटावरची वेळ दारापासून दारापर्यंतची असते. शिवाय या पट्ट्यात वरचे वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे जाताना ते समोरून येणार. (अंतर शोधताना हानचा विमानतळही फ्रँकफर्टच्या नावाने पुढे येतो. तो शहरापासून सुमारे 120 किलोमीटर दूर आहे. आमचे विमान मुख्य विमानतळावरूनच आहे.)

या मार्गाने नियमित जाणाऱ्यांनी कृपया सांगावे की हिवाळ्यात समोरच्या वाऱ्यामुळे तीन तासांचे सव्वातीन-साडेतीन होतात का, आणि या टप्प्यात साध्या वर्गात जेवण मिळते की केवळ पाणी आणि चॉकलेट. जेवण मिळणार नसेल, तर आई इन्सुलिन घेऊन उपाशी राहू नये म्हणून दशम्या सोबत देता येतील.

फ्रँकफर्टला त्यांची शेंगेन प्रवेशाची पासपोर्ट तपासणी आणि पुन्हा सुरक्षा तपासणी होईल. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर आहेत, सामान थेट लिस्बनला जाईल आणि व्हीलचेअरची मागणी 48 तासांपेक्षा बरीच आधी नोंदवणार आहे. तरीही दोन तासांचा थांबा सत्तरीतल्या माणसांना पुरेल, की पुढचे, साडेचार तासांच्या थांब्याचे विमान घ्यावे? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, पण तिकीट बदलण्याची मुदत या आठवड्यापुरतीच आहे, म्हणून अनुभवी मंडळींचे मत लवकर मिळाले तर फार उपकार होतील.