जॅक्सन हाइट्स परिसरात भाड्याची जागा: सहा महिन्यांचे भाडे आगाऊ द्यावे का?

मंडळातील सर्वांना सप्रेम नमस्कार.

नोकरीतील बदलीमुळे मी, पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी असे आम्ही तिघे मार्चअखेर पुण्याहून न्यूयॉर्कला येत आहोत. ऑफिस मिडटाउनमध्ये असल्याने क्वीन्समधील जॅक्सन हाइट्स किंवा त्याच्या आसपास एका बेडरूमची जागा घ्यावी, असा विचार आहे. पगार वर्षाला ९२,००० डॉलर ठरला आहे, मात्र अमेरिकेतील क्रेडिट स्कोअर अर्थातच नाही. एका घरमालकांनी २,४५० डॉलर भाडे सांगितले असून, क्रेडिट नसल्यामुळे सहा महिन्यांचे भाडे आगाऊ भरल्यास जागा देऊ, असे कळवले आहे. आपल्याकडे मोठे डिपॉझिट देण्याची सवय असल्याने मला त्यात फारसे वावगे वाटले नाही. ही मागणी मान्य करावी का, आणि एवढ्या पगारात हे भाडे झेपेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

आपला,
पुण्याहून येणारा नवा सभासद

*

सप्रेम नमस्कार.

सहा महिन्यांचे भाडे कृपया देऊ नका. न्यूयॉर्क राज्याच्या २०१९ च्या कायद्यानुसार नेहमीच्या भाड्याच्या जागेसाठी घरमालकाला एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट किंवा आगाऊ रक्कम मागता येत नाही. म्हणजे करारावर सही करताना पहिल्या महिन्याचे भाडे आणि तेवढेच डिपॉझिट, असे तुमच्या बाबतीत ४,९०० डॉलर पुरेसे आहेत. अर्जाच्या छाननीसाठीही २० डॉलरपेक्षा जास्त घेता येत नाहीत. शिवाय एकदा सहा महिन्यांचे पैसे समोरच्याच्या खात्यात गेले, की घरात हीटिंग बंद पडले किंवा छत गळू लागले तरी तुमच्या हातात काहीच उरत नाही. परक्या देशात नव्याने आलेल्या कुटुंबाकडून अशी मागणी केली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ब्रोकरचेही असेच आहे. पूर्वी वर्षाच्या भाड्याच्या १२ ते १५ टक्के रक्कम बहुधा भाडेकरूच्या माथी पडत असे. ११ जून २०२५ पासून शहराच्या नियमानुसार ज्याने ब्रोकर नेमला त्यानेच त्याचे पैसे द्यायचे आहेत. तुम्ही स्वतः कोणाला जागा शोधायला सांगितलेत, तरच तो खर्च तुमचा.

आता झेपण्याविषयी. येथील बहुतेक घरमालक वार्षिक उत्पन्न मासिक भाड्याच्या ४० पट असावे, अशी अट घालतात. हा कायदा नसून रिवाज आहे, पण तो कसोशीने पाळला जातो. ९२,००० ला ४० ने भागल्यास २,३०० येतात, त्यामुळे २,४५० ची जागा तुम्हाला गॅरंटरशिवाय मिळणे कठीण आहे, आणि गॅरंटरकडून ८० पट उत्पन्नाची अपेक्षा असते. असा नातेवाईक नसेल तर गॅरंटी देणाऱ्या कंपन्या आहेत, मात्र क्रेडिट नसलेल्यांकडून त्या साधारण एका महिन्याच्या भाड्याइतके शुल्क घेतात. केंद्र आणि राज्य यांच्या जोडीला न्यूयॉर्क शहराचा स्वतंत्र आयकर असतो, हे भारतातून हिशेब करताना सहसा लक्षात येत नाही. म्हणून २,३०० ही कमाल मर्यादा समजून त्याच्या खालीच शोधावे, असे माझे मत आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, जागा ‘रेंट स्टॅबिलाइज्ड’ (भाडेवाढीवर नियंत्रण असलेली) आहे का, हे पहिल्याच फोनवर विचारा. १९७४ पूर्वी बांधलेल्या आणि सहा किंवा अधिक घरे असलेल्या भाड्याच्या इमारतींमध्ये अशा जागा प्रामुख्याने आढळतात; जॅक्सन हाइट्स, एल्महर्स्ट, वुडसाइड आणि सनीसाइड येथील विटांच्या जुन्या इमारतींत त्या बऱ्याच आहेत. अशा जागेत एक किंवा दोन वर्षांसाठी कराराचे नूतनीकरण मागण्याचा हक्क तुमचा असतो आणि वाढीचा दर शहराचे मंडळ ठरवते. ऑक्टोबर २०२५ ते सप्टेंबर २०२६ या काळात नूतनीकरण होणाऱ्या करारांसाठी तो एका वर्षाला ३ टक्के आणि दोन वर्षांना ४.५ टक्के आहे. मुंबईतील पागडीच्या जागांसारखे हे नाही. भाडे बहुधा दरवर्षी वाढते, पण किती वाढेल हे आधी कळते. अकरा महिन्यांच्या कराराची धास्ती घेऊन वाढलेल्या आपल्या पिढीला याचे मोल वेगळे सांगायला नको. मुलीची शाळा मधेच बदलावी लागू नये असे वाटत असेल, तर नव्या इमारतीतील ‘एक महिना मोफत’ या सवलतीपेक्षा हा हक्क कितीतरी मोलाचा आहे. अकरा महिन्यांचे भाडे बारा महिन्यांत विभागल्यामुळे २,६०० ची जागा जाहिरातीत २,३८३ ची दिसते, आणि पुढल्या वर्षी वाढ मात्र २,६०० वर मागितली जाते.

जॅक्सन हाइट्समधील बागा असलेल्या सुंदर जुन्या इमारतींपैकी अनेक आता को-ऑप, म्हणजे सहकारी सोसायट्या आहेत. तिथे भाडेकरूला सोसायटीच्या बोर्डाची परवानगी लागते, त्यात काही आठवडे जातात, आणि किती वर्षे जागा भाड्याने देता येईल यावरही बहुधा बंधन असते.

आपली,
एल्महर्स्टची एक सभासद

*

नमस्कार.

ताईंच्या म्हणण्याशी मी सहमत आहे, फक्त एक पर्याय जोडतो. या भागात दोन कुटुंबांची छोटी घरे पुष्कळ आहेत, जिथे मालक स्वतः एका मजल्यावर राहतात. ते ४० पटींचा आग्रह कमी धरतात आणि ओळखीच्या माणसाच्या शब्दावर जागा देतात. आम्हाला पहिले घर असेच मिळाले. मात्र तिथे नूतनीकरणाचा हक्क नसतो, आणि मालक राहत असलेल्या लहान इमारती २०२४ च्या नव्या भाडेकरू-संरक्षण कायद्यातूनही वगळलेल्या आहेत. एका महिन्याच्या डिपॉझिटची मर्यादा त्यांनाही लागू आहे.

तळघरातील जागा कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पावसात क्वीन्समधील तळघरांत पाणी शिरून माणसे दगावली, आणि त्यांतील बहुतेक तळघरे राहण्यासाठी अधिकृत नव्हती.

२०२३ च्या पाहणीत शहरातील रिकाम्या जागांचे प्रमाण अवघे १.४१ टक्के होते, त्यामुळे चांगली जागा एका दिवसात हातची जाते. नेमणुकीचे पत्र, पासपोर्ट, व्हिसा, बँकेतील शिल्लक आणि पुण्याच्या घरमालकांचे पत्र या सर्वांची एक फाइल आधीच तयार ठेवा. पण जागा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक डॉलरही पाठवू नका. रूझवेल्ट अव्हेन्यूवरून ७ नंबरची गाडी उंचावरून धावते, तिचा आवाज रात्रीही असतो. दोन रस्ते आत सरकले की शांतता मिळते. तुम्ही येईपर्यंत शनिवारी जागा पाहून येण्याची माझी तयारी आहे, पत्ते मला स्वतंत्र मेलने कळवावेत.

आपला,
वुडसाइडचा एक सभासद