सर्व्हिसिंगनंतर इंजिन ऑइल वरच्या खुणेच्या वर दिसतंय. गाडी अशीच चालवू का?

मखमलाबादकर

नमस्कार मंडळी. मी नाशिकला मखमलाबादला राहते आणि दिंडोरीजवळच्या एका शाळेत शिकवते. रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात. गाडी वडिलांची आहे. १.२ लिटर पेट्रोल, २०१३ ची, मीटरवर ८८ हजार. ते गेल्या वर्षी गेले. डॅशबोर्डच्या कप्प्यात त्यांची एक वही आहे. कोणत्या तारखेला ऑइल बदललं, किती लिटर घातलं, टायरमधली हवा, सगळं त्यांच्या अक्षरात लिहिलेलं. ती वही मी पुढे चालू ठेवली आहे, म्हणून सर्व्हिसिंग झालं की गेज, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढून बघते.

परवा गाडी सर्व्हिसिंगहून आली. सकाळी थंड इंजिनवर गेज काढली तर ऑइल वरच्या खुणेच्या छिद्राच्याही जवळजवळ एक सेंटिमीटर वर. पुसून तीन वेळा बघितलं, तेच. बिलावर ३.५ लिटर ऑइल लावलंय. गाडीच्या पुस्तकात फिल्टरसकट ३.१ लिटर लिहिलंय आणि वडिलांच्या वहीतही प्रत्येक वेळी ३.१ च आहे. म्हणजे अख्खा डबा ओतला, एवढं मला कळलं.

गॅरेजला फोन केला तर म्हणाले, "ताई, ऑइल कमी असलं तर घाबरायचं. जास्त असलं तर इंजिनला बरंच आहे." शेजारचे काका म्हणतात ऑइल अडवणारी सील फुटतील, गाडी हलवूच नको. दोघांपैकी कुणाचं खरं मानू? रविवारी आईला डोळे तपासायला ठाण्याला न्यायचंय. इगतपुरीहून समृद्धीने जाण्याचा विचार आहे, म्हणजे गाडी बराच वेळ वेगात पळणार.

सिडको_रायडर

काही होत नाही ताई. माझ्या बाइकमध्ये एकदा शंभर-दीडशे मिली जास्त पडलं होतं, वर्षभर चालवली. जास्तीचं जळून जातं.

डेपोवाले_काका

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये २८ वर्षं इंजिनवर काम केलं, आता निवृत्त आहे. नीट लिहितो, कारण गॅरेजवाल्याचंही पूर्ण खरं नाही आणि शेजाऱ्यांचंही नाही. सिडकोवाल्या भावाला आधी एक सांगतो. "जळून जातं" म्हणजे ते कुठूनतरी ज्वलनाच्या जागेत पोचतं, म्हणून जळतं. तिथे ते जायलाच नको.

ताई, पहिलं काम म्हणजे माप पुन्हा घ्या. आपल्याकडे सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो आणि तेवढ्या उतारावरही गेज फसवते. एखाद्या पेट्रोल पंपाच्या सपाट फरशीवर गाडी उभी करा. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, म्हणजे वर हेडमध्ये गेलेलं ऑइल खाली इंजिनच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरेल. मग गेज काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. दोन्ही बाजू बघा. एका बाजूला ऑइल जास्त वर चढलेलं दिसलं तर खालचं माप खरं धरायचं, कारण गेज काढताना ती नळीच्या भिंतीला घासते आणि एका बाजूने ऑइल ओढलं जातं.

बहुतेक लहान गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेमध्ये साधारण एक लिटरच्या आसपास फरक असतो. तुमच्या गेजवर दोन छिद्रांमधलं अंतर पट्टीने मोजा. ते दोन-अडीच सेंटिमीटर भरलं, तर वरचा एक सेंटिमीटर म्हणजे चारशे मिली. ३.५ वजा ३.१, तेवढेच येतात. म्हणजे तुमचा हिशेब बरोबर आहे, आणि वडिलांचाही.

आता नुकसान कसं होतं ते. चेंबरच्या वर क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, फिरतो आणि त्याला मोठमोठी वजनं असतात. ऑइल खुणेइतकं असलं तर ती वजनं ऑइलच्या वरून फिरतात. पातळी फार चढली की ती ऑइलमध्ये बुडून फिरायला लागतात. ३००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० फेरे मारतो. रवीने ताक घुसळावं तसं ते ऑइल घुसळलं जातं आणि त्यात हवा मिसळून फेस होतो. ऑइलमध्ये फेस मोडणारा मसाला कंपनीने घातलेला असतो, पण त्यालाही मर्यादा आहे. फेस झाला की पंप ऑइलबरोबर हवाही ओढतो. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून बेअरिंगपाशी ऑइलचा दाब कमी पडतो. तिथे ऑइलचा थर केसापेक्षाही बारीक असतो आणि क्रँक त्याच्यावर तरंगत असतो. त्या थरात बुडबुडे आले की धातू धातूला लागतो. म्हणजे ऑइल जास्त झालं तरी परिणाम कमी पडल्यासारखाच. गॅरेजवाल्यांना हे कुणीतरी समजावून सांगायला हवं, कारण "जास्त म्हणजे बरं" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय.

दुसरी वाट ब्रीदरची. चेंबरमधला वायू ब्रीदरच्या नळीने परत हवेच्या वाटेला सोडलेला असतो. ऑइल उडायला लागलं की त्याचे थेंब त्या वायूबरोबर एअर फिल्टरच्या डब्यात आणि पुढे इंजिनात जातात. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, प्लग काळे होतात आणि असं बरेच दिवस चाललं तर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. तो भाग महाग आहे.

सीलचं म्हणाल तर चारशे मिलीने सील फुटत नाही. सील जातं ते चेंबरमध्ये वायूचा दाब साठला की, आणि तो साठतो ब्रीदर चोंदलेला असला की. तुमची गाडी ८८ हजार चाललीय, तेव्हा ब्रीदरचा व्हॉल्व्ह एकदा साफ करून घ्या. क्रँकचं मागचं सील गळायला लागलं तर ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सील स्वस्त असतं, मजुरी स्वस्त नसते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. एवढ्या जास्तीवर सावकाश दिंडोरीला जाऊन आलात तर इंजिन बसणार नाही. पण रविवारी समृद्धीवर नेऊ नका. तासभर एकसारखी वेगात पळवली तर फेस मोडायला ऑइलला उसंतच मिळत नाही. शनिवारच्या आत जास्तीचं काढून घ्या.

डिझेलवाल्यांनी मात्र हे हलक्यावर घेऊ नये. एका खाजगी गॅरेजमध्ये माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं सांगतो. एक पिकअपवाला रोज सकाळी इंजिन चालू ठेवून गेज बघायचा. इंजिन चालू असताना ऑइल सगळीकडे फिरत असतं, म्हणून गेजवर कमीच दिसणार. तो रोज थोडं थोडं घालत गेला. शेवटी दोनेक लिटर जास्त झालं होतं. गॅरेजमध्ये ती गाडी उभ्या जागी आपोआप रेस व्हायला लागली. चावी काढली तरी बंद होईना, कारण ब्रीदरमधून येणारं स्वतःचंच ऑइल ती डिझेलसारखी जाळत होती. नशिबाने तिथला मिस्त्री जुना होता. त्याने क्लच दाबून वरचा गिअर टाकला, ब्रेकवर उभा राहिला आणि क्लच सोडला. इंजिन झटका देऊन बंद पडलं. दुसरा उपाय म्हणजे हवेच्या तोंडावर लाकडी फळी दाबून धरायची. हात कधीही लावू नका, पंजा ओढून घेईल.

निफाडचा_बागायतदार

काका, अगदी बरोबर. आमच्याकडं ट्रॅक्टरला हाच प्रकार एअर क्लीनरवरून झाला, तो पण सांगतो. जुन्या ट्रॅक्टरला ऑइलच्या वाटीचा एअर क्लीनर असतो. हवा त्या ऑइलवरून जाते आणि धूळ तिथं बसते. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी रोगाच्या फवारण्या एकामागून एक चालू असतात, ट्रॅक्टरचा फवारणी ब्लोअर रोज बागेत. आमच्या पोरानं वाटी धुतली आणि खुणेच्या वर ऑइल भरलं, म्हटला धूळ जास्त धरंल. चालू केल्याबरोबर पांढरा-निळा धूर आणि इंजिन विचित्र आवाज करायला लागलं. वाटीतलं ऑइल सरळ आत ओढत होतं. इंजिन लगेच बंद केलं, वाटी काढून खुणेपर्यंत केली, मग गुण आला. वाटीवर खूण असती, तिथपर्यंतच भरायचं.

ताईंना ऑइल काढायची सोपी पद्धत सांगतो. जनावराला औषध पाजायची मोठी सिरिंज घ्या, १०० मिलीची मिळते. तिला बारीक नळी लावा, गेजच्या भोकातून चेंबरपर्यंत सोडा आणि ओढा. इंजिन जरा कोमट असलं तर ऑइल पातळ होतं आणि लवकर येतं. गरम असताना नको, नळी मऊ पडते आणि हातही भाजतो. नवी, कोरडी नळी घ्या, पाण्याचा थेंब आत जायला नको. चार वेळा ओढलं की चारशे मिली. ते ऑइल नवंच आहे, स्वच्छ बाटलीत भरून झाकण लावून ठेवा, पुढे टॉप-अपला कामाला येईल.

डेपोवाले_काका

सिरिंजची युक्ती मला आवडली. चेंबरचा नट ढिला करून थोडं सोडण्यापेक्षा बरीच. नट पूर्ण निघाला तर सगळंच सांडतं, आणि नट काढलाच तर त्याचा वायसर नवा लावायचा, नाहीतर तिथून गळत राहतं. आणि ताई, फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नका.

अंबडची_शिफ्ट

काका, माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझी डिझेल गाडी बीएस-६ आहे. घर इंदिरानगरला, काम अंबडला, रोज पाच-सहा किलोमीटर. ऑइल कुणी घातलेलं नाही तरी गेजवर पातळी आपोआप वाढतेय. सर्व्हिसिंगच्या वेळी बरोबर वरच्या खुणेवर होती, आता तिच्याही वर आहे. मीही सिरिंजने काढून टाकू का?

डेपोवाले_काका

नाही. आपोआप वाढणारं ऑइल हे जास्त भरलेलं ऑइल नसतं. त्यात दुसरं काहीतरी मिसळतंय.

तुमच्या गाडीत बहुधा डिझेल मिसळतंय. बीएस-६ डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती भरली की गाडी जास्तीचं डिझेल सोडून ती काजळी जाळते. त्यासाठी इंजिन चांगलं तापून थोडा वेळ सलग चालावं लागतं. तुमचं पाच किलोमीटरमध्ये काम संपतं, गाडी बंद होते, जाळणं अर्धवट राहतं. असं वारंवार झालं की न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. गेजवरचं ऑइल बोटांत चोळून बघा. पाण्यासारखं पातळ लागेल आणि डिझेलचा वास येईल. असं ऑइल थोडं काढून भागत नाही, पूर्ण बदलायचं. आणि आठवड्यातून एकदा गाडी सिन्नरच्या रस्त्याने अर्धा तास न थांबता चालवून आणा.

पेट्रोल गाडीत पातळी आपोआप वाढली तर आधी रंग बघायचा. कॉफीसारखा दुधाळ झाला असेल आणि कूलंटच्या बाटलीतलं पाणी कमी होत असेल, तर हेडचं पॅकिंग गेलेलं असू शकतं. मग गाडी चालू न करता टोचन करून न्या.

मखमलाबादकर

काका आणि बागायतदार दादा, मनापासून आभार. काय केलं ते लिहिते, म्हणजे पुढे कुणाला लागलं तर असावं.

काल संध्याकाळी शाळेतून येताना पंपाच्या सपाट फरशीवर गाडी लावली आणि दहा मिनिटं थांबून बघितलं. ऑइल वरच्या छिद्राच्या आठ मिलिमीटर वर होतं. आमच्या पार्किंगच्या उताराने दोन मिलिमीटर वाढवून दाखवले होते. घरी येऊन तासाभराने सिरिंजने काढायला सुरुवात केली. पहिल्या वेळी नळी नीट खाली पोचली नाही आणि नुसती हवा आली. दुसऱ्यांदा गेजइतकी लांबी मोजून नळीवर पेनने खूण केली, मग जमलं. एकूण ३५० मिली काढलं. आज सकाळी त्याच पंपावर पुन्हा बघितलं, ऑइल वरच्या छिद्राच्या किंचित खाली आहे. एअर फिल्टरचा डबा उघडला तर तळाशी हाताला ओशट लागलं, थोडंच. धूर तपासायला आईला रेस द्यायला बसवून मी मागे उभी राहिले. काही निळं दिसलं नाही.

गॅरेजला जाऊन बिल आणि पुस्तक शेजारी ठेवून दाखवलं. पुढच्या वेळी ३.१ लिटरच घालू आणि उरलेला डबा परत देऊ असं त्यांनी कबूल केलं. वहीत लिहिलंय: "३.५ घातले, ३५० मिली काढले." रविवारी निघतोय.

डेपोवाले_काका

छान केलंत. डब्यातलं ओशट कापडाने पुसून घ्या. फिल्टरचा कागद ओला दिसला तर झटकू नका, बदला. ठाण्याहून आल्यावर रात्रभर गाडी थंड होऊ द्या आणि त्याच फरशीवर एकदा गेज बघा. डबा पुन्हा ओशट झाला तर ब्रीदरचा व्हॉल्व्ह काढून हलवून बघा. खडखड वाजला नाही तर बदलून टाका.