दुकानातल्या पीसीवर विंडोज ११ घ्यावी का?

प्रश्न: म्हापशात दुकान आहे. आठव्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १० (३२ बिट). बिलिंगचं सॉफ्टवेअर जुनं आहे. चवथीच्या गर्दीआधी बदलू का?

उत्तर १: गर्दीच्या तोंडावर नको, चवथ झाल्यावर करा. पण टाळूही नका, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ फक्त ६४ बिटमध्ये येते, म्हणजे अपग्रेड नाही, कोरं इन्स्टॉलेशन. डेटा आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या. बिलिंग १६ बिटचं (फार जुन्या धाटणीचं) असेल तर चालणारच नाही, विक्रेत्याला आधी विचारा. प्रिंटरचा ६४ बिट ड्रायव्हरही शोधून ठेवा.

उत्तर २: ११ ला टीपीएम (सुरक्षेची चिप) लागतं. ते आहे का हे विन+आर दाबून tpm.msc ने बघण्याऐवजी थेट बायोसमध्येच (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) बघा: इंटेल पीटीटी (प्रोसेसरमधलंच टीपीएम) बहुधा बंद असतं, ते चालू करा. बूट (पीसी सुरू होण्याची पद्धत) जुन्या लेगसीवर असेल तर नवी यूईएफआय करा, त्याला डिस्क जीपीटी (नव्या पद्धतीची विभागणी) लागते. ४ जीबी ही किमान अट, कामाला ८ हवी. आणि एसएसडी (वेगवान डिस्क) घालाच, हार्ड डिस्कवर ११ रखडते.

उत्तर ३: नव्या एसएसडीवरच इन्स्टॉल करा, जुनी डिस्क तशीच काढून ठेवा. अडलं तर ती परत जोडा, बूट आधी लेगसीवर असेल तर परत तसं करा, आणि बिलं सुरू. पावसात वीज जाते, यूपीएसशिवाय सुरुवात करू नका.