हुकूमशहा घालवण्यात कामगार संघटनांचा वाटा किती? आणि त्यानंतर काय?

रानवाट:
विकसनशील देशांतल्या सत्तांतराची चर्चा निघाली की श्रेय विद्यार्थ्यांना, सोशल मीडियाला, फार तर लष्कराला मिळतं. कामगार संघटनांचं नाव शेवटी, तेही आलं तर. मला हे पटत नाही. ट्युनिशियात यूजीटीटी हा कामगार महासंघ १९४६ पासून आहे. हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष बेन अलींविरुद्ध लोक आधीपासून रस्त्यावर होतेच, पण १२ जानेवारी २०११ ला स्फॅक्स शहर संपाने ठप्प झालं, १४ ला राजधानीतही संप झाला आणि त्याच दिवशी बेन अली देश सोडून गेले. गर्दी पोलीस पांगवू शकतात. बंदर, टपाल, शाळा बंद पडल्यावर लाठी कुणावर चालवणार? शिवाय संघटनेकडे गावोगावी कार्यालयं, वर्गणी, निवडून आलेले पदाधिकारी असतात. एवढं बळ असलेल्या संस्था अशा राजवटीत फारच थोड्या उरतात.

तळटीप:
राजवट पाडण्यापर्यंत मान्य. पुढे? झांबियात कामगार महासंघाचे अध्यक्ष फ्रेडरिक चिलुबा १९९१ च्या निवडणुकीत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडांना हरवून राष्ट्राध्यक्ष झाले. मग त्यांच्याच कारकिर्दीत तांब्याच्या खाणी खासगी हातांत गेल्या, हजारो कामगार घरी बसले, आणि २००१ मध्ये साहेबांना घटनेत नसलेली तिसरी मुदत हवी झाली! दक्षिण आफ्रिकेत १६ ऑगस्ट २०१२ ला मारिकानाच्या खाणीवर संपकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, ३४ जण मेले. त्यांची जुनी युनियन सत्ताधारी पक्षाच्या आघाडीतल्या महासंघाची घटक होती आणि तो संप तिचा नव्हता. वर्णभेदाविरुद्ध लढलेली युनियन, आणि तिच्यावरचा खाणकामगारांचा विश्वास असा उडाला. पुढाऱ्याला खुर्ची मिळाली की सभासदाला वाली उरत नाही.

सांजभैरव:
तुम्ही दोघंही पगारपत्रकावरच्या कामगाराबद्दलच बोलताय. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार आफ्रिकेत सुमारे ८५ टक्के रोजगार असंघटित आहे. ज्याच्या आत्मदहनाने ट्युनिशिया पेटला तो मोहम्मद बुआझिझी हातगाडीवर फळं विकायचा. तो कुठल्या युनियनचा सभासद होता?

रानवाट:
नव्हता, आणि तुमचा मुद्दा मला टोचतो. पण त्याच्या गावचा संताप इतर शहरांत नेला तो शिक्षक आणि टपाल कर्मचाऱ्यांच्या स्थानिक शाखांनी. मोर्चे यूजीटीटीच्या कार्यालयांसमोरून निघत होते.

तळटीप, उत्तर इथेच आहे. त्याच यूजीटीटीच्या वरच्या नेतृत्वाने २००९ च्या निवडणुकीत बेन अलींना पाठिंबा दिला होता. तरीही खालच्या शाखा हलल्या, कारण त्यांना स्वतःचा निर्णय घेता येत होता. इजिप्तमध्ये १९५७ पासूनचा अधिकृत महासंघ सरकारच्याच मुठीत होता. तिथे कामगारांना ३० जानेवारी २०११ ला कैरोच्या तहरीर चौकात नवा स्वतंत्र महासंघ जाहीर करावा लागला. उठाव चालू असताना संघटना बांधायची म्हणजे उशीर झालाच. चिलुबांचं म्हणाल, तर महासंघाचा अध्यक्ष थेट पक्षाचा उमेदवार झाला तिथेच घात झाला. ट्युनिशियात २०१३ मध्ये दोन राजकीय हत्यांनंतर देश फुटायच्या बेतात होता. तेव्हा यूजीटीटीने मालकांची संघटना, वकील आणि मानवी हक्क लीग यांना बरोबर घेऊन पक्षांना वाटाघाटीला बसवलं. स्वतः सत्ता मागितली नाही. २०१४ ला राज्यघटना आली, २०१५ ला या चौघांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला.

तळटीप:
आणि २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष सईद यांनी संसद गोठवली तेव्हा? यूजीटीटीने सावध पवित्रा घेतला. जून २०२२ चा मोठा संप झाला तो मुख्यतः पगारासाठी.

रानवाट:
ते सावधपण मलाही चुकीचंच वाटतं. पण पगाराच्या संपाला ‘मुख्यतः’ म्हणून हलकं करू नका. सरकारला नाही म्हणायची सवय कामगाराला तिथेच लागते. स्फॅक्समध्ये संप पुकारणाऱ्या शाखांनी त्याआधीची कित्येक वर्षं पगार आणि बदल्यांसाठीच भांडणं केली होती.