महागडा विणलेला रॅप: कोणी बाळ बांधून पाहिलंय का?

परवा अकरा आठवड्यांच्या लेकीला मैत्रिणीच्या रॅपमध्ये, म्हणजे बाळ अंगाशी बांधायच्या लांब कापडात, बांधलं. ती पोटाशी गाढ झोपली आणि बाळंतपणानंतर पहिल्यांदाच मी दोन्ही हातांनी कणीक मळली. आता रॅप परत करायचाय. स्वतःचा घ्यावा तर मन रेशीम मिसळलेल्यावर अडलंय, आणि किंमत ऐकून नवरा म्हणतो, "एवढ्यात पैठणी बघ, निदान लेक मोठी झाल्यावर नेसेल." ज्यांनी वापरलाय, ज्यांनी घेऊन कपाटात टाकलाय, सगळ्यांनी लिहा.

दोघांची आई, श्टुटगार्टजवळ

इथे बाळंतिणीकडे सुईण घरी येते. तिला हेबामे म्हणतात, खर्च विम्यातून. आमचीने आल्या आल्या विचारलं, "ट्रागेटुख आहे ना?" ट्रागेटुख म्हणजे हाच. दिदिमोस ही रॅपवाली कंपनी जर्मनीतलीच, एरिका हॉफमन यांनी १९७२ साली काढलेली. त्यांना जुळं झालं होतं आणि लॅटिन अमेरिकेतल्या शालीत त्या मुलांना बांधत. ग्रीकमध्ये दिदिमोस म्हणजे जुळा.

पैसे कशाचे, तर विणीचे. कापड लांबीत ओढा, रुंदीत ओढा, फारसं हलत नाही. कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे तिरकं ओढलं की मात्र सैलावतं. म्हणून बाळाच्या पाठीला गोलाईने बसतं आणि तरी लोंबत नाही. दोन्ही काठ वेगळ्या रंगांचे बघून घ्या, कुठला ढिला राहिला ते लगेच कळतं. थोरल्याच्या वेळी मी हौसेने सुती साडी बांधून पाहिली होती. अर्ध्या तासात खांद्यात दोरीसारखी रुतली.

नवा रॅप मात्र कोऱ्या घोंगडीसारखा निघाला. धुतला, वाफेची इस्त्री केली, वेणी घालून ठेवला, त्याच्यावर बसून टीव्ही पाहिला. शेवटी जेवणाच्या टेबलाला झोळी बांधली आणि थोरल्याला महिनाभर त्यात लोळू दिलं, तेव्हा कुठे मऊ झाला. झोळीचं ज्ञान फुकट, कापड दीडशे युरोचं!

पुणे, बाळ आता दीड वर्षाचं

माझा लिनन मिसळलेला, नणंदेने अमेरिकेहून आणला. समोरून बांधायच्या नेहमीच्या पद्धतीत बाळावर तीन थर येतात. एप्रिलमध्ये, पुण्यात! दोघंही निथळलो, बाळाच्या मानेवर घामोळं आलं. शिवाय सहा नंबर म्हणजे ४.६ मीटर. पार्किंगमध्ये बांधायला गेलं की टोकं धुळीत. बाळाने मान धरल्यावर पाठीवर एका थरात बांधायला शिकले, पहिले काही दिवस पलंगाशी उभी राहून आणि आईला मागे थांबवून. मग जमलं. सोसायटीत "आली बघा झाशीची राणी" ऐकून कान किटले ते वेगळं.

बाबा, एडिंबरा

इकडे स्लिंग लायब्ररी असतात, पुस्तकासारखा रॅप घरी न्यायचा. मी मेरिनो लोकरीचा आणला. पहिले तीन दिवस बाळ नुसतं किंचाळायचं. तिथल्या बाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, तुम्ही बांधून पुतळ्यासारखे उभे राहताय, चालायला लागा. चाललो, दुसऱ्या वळणावर झोपलं. नंतरचे दोन आठवडे सुखाचे. मग मी तो ४० अंशांवर मशीनला लावला. बाहेर आला तो आटून, घट्ट होऊन, नुसता नमदा. अनामत गेली, बायको अजून सुनावते.

सातारची सून

सासूबाईंनी आधी नाक मुरडलं. "आम्ही लुगड्यात बांधून खुरपायला जायचो, त्याचं कौतुक नाही झालं कुणाला." मग काठ चिमटीत धरून सूत पाहिलं आणि गप्प बसल्या. मी बांधायला लागले तर म्हणाल्या, "पाय लोंबू देऊ नको, उकिडवं बसव. आणि सुरगाठ नको, निरगाठ मार." ऑनलाइन शिकवणारीनेही हेच सांगितलं होतं, पैसे घेऊन: गुडघे ढुंगणापेक्षा वर, तोंड सतत दिसलं पाहिजे, हनुवटी छातीला टेकता कामा नये, मध्ये दोन बोटं मावली पाहिजेत. हनुवटीचं तेवढं सासूबाईंना नवीन होतं.

ठाणे

आमच्याकडे उलटं. काश्मिरी लोकर मिसळलेला घेतला, चिरंजीवांना कडेवरच हवं. चार महिन्यांनी विकला, जवळजवळ घेतल्या भावात. वापरून मऊ झालेल्याला गिऱ्हाईक लगेच मिळतं, म्हणून पहिला रॅप जुनाच घ्या.

धागाकर्ती

नमदा वाचून रेशीम रद्द. कुणाकडे सहा नंबरचा सुती, दोन रंगांच्या काठांचा, लोळून मऊ केलेला असेल तर कळवा. पैठणीचं मात्र नवऱ्याला विसरू देणार नाहीये.